सौ. मंदाकिनी प्रवासी सेवा

“पत्रा निस्ता कागद झालाय, दाजी. वजनाला काय भरायची न्हाय ही. इंजनाचं बिडाचं लोखंड तेवढं हाताला लागंल.”

कुरकुर अगदी कानाशी झाली. मधे फक्त तो कागद झालेला पत्रा. मंदाकिनी गाडीत शेवटच्या बाकाखाली गुडघ्यांवर बसून मथुराबाईच्या कोंबडीचा पेंढा खराट्याने बाहेर ओढत होती, आणि बोलणारा माणूस बाहेर मागच्या चाकापाशी उकिडवा बसून पत्र्यावर टकटक करत होता, मंडईत नारळ निवडताना करतात तशी. आत कुणी आहे हे त्याला कळण्याचं कारण नव्हतं. तो ज्यांना दाजी म्हणत होता ते वाघोलीचे सर्जेराव, गाडी विकत घेणारे. त्यांनी घसा साफ केला आणि इंजिनाच्या बाजूला चालू लागले. टकटक त्यांच्यामागून गेली. मंदाकिनीच्या हातात खराटा तसाच राहिला. वजनाला, तो म्हणाला. कॅन्टीनचं वजन कोण करतं?

कारण ठरलं होतं ते कॅन्टीनचं. महिन्यापूर्वी सर्जेराव सदाशिव पेठेत घरी आले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून कोचाच्या अगदी कडेला बसले होते, आणि म्हणाले होते की वाघोलीला आता कॉलेजंच कॉलेजं झालीत, पोरापोरींना बसायला जागा म्हणून नाही. एका कॉलेजच्या फाटकासमोर त्यांची थोडी जमीन होती. तिथे ही जुनी बस नेऊन उभी करायची, चाकं काढून खाली विटा रचायच्या, आत चहा आणि मिसळ. मंदाकिनीला ते ऐकता ऐकताच आवडून गेलं. पोहे परतताना तिने मनातल्या मनात खिडक्यांना पडदेसुद्धा लावले, आणि मग वाटलं, नको, पोरांच्या बोटांचे तेलकट डाग पडतील. इतकं ते तिला खरं झालं होतं. गाडी जायची तर जाऊ दे, पण कुणीतरी खिडकीशी बसेल, बाहेर बघेल, एखादी मुलगी वही उघडून नुसतीच बसून राहील. आता खाली सांडलेल्या पेंढ्यात बसल्या बसल्या तिला सर्जेराव कोचाच्या कडेला का बसले होते ते कळलं. खोटं बोलणारा माणूस पुरता टेकत नाही. नाना पेठेतून जाता-येता तिने मोटारी तोडताना पाहिल्या होत्या. गॅसच्या निळ्या ज्योतीखाली पत्रा आधी घाम आल्यासारखा चमकतो आणि मग शांतपणे दोन होतो.

समोरच्या काचेपलीकडे बाळ स्टुलावर उभा होता. तिचा नवरा, साठी उलटलेला, डोक्याला जेमतेम झालर उरलेला माणूस, नाव बाळ करमरकर, आणि पेठेत त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तो वायपरला नवं रबर बसवत होता. महिनाभर त्याचं हेच चाललं होतं. रोज सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन वारज्याची बस पकडायची, मथुराबाईच्या नवऱ्याच्या, गेनबाच्या रानात उभ्या असलेल्या या गाडीला काही ना काही नीट करायचं आणि दिवेलागणीला काळी नखं घेऊन परतायचं. हॉर्न वाजता केला. पोचे ठोकले. घंटीची दोरी बदलली. एकदा मंदाकिनीने विचारलं होतं, कॅन्टीनला वायपर कशाला लागतो. मिसळीचा रस्सा काचेवर उडतो की काय? त्यावर तो इतकंच म्हणाला की वस्तू दुसऱ्याच्या हातात देताना चालती असावी. नोकरीतही तो असाच होता, बदली झाल्यावर नव्या माणसासाठी टेबलाचा खण पुसून जाणारा. आता काचेतून तिला त्याची हनुवटी दिसत होती, जीभ ओठांच्या कोपऱ्यात आलेली, आणि ते कोवळं, काळं, नवंकोरं रबर. तिला एकदम त्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. यांना कळता कामा नये. तिचं तिथेच, पेंढ्यात, ठरून गेलं. सही तिची लागणार होती, गाडी कागदोपत्री तिच्या नावावर होती. ती मुकाट्याने सही करील, आणि कॅन्टीन वाघोलीला चालू राहील. वाघोली लांब आहे. यांचे गुडघे दुखतात. चौकशी केलीच तर सांगू, परवा बाजारात सर्जेराव भेटले होते, म्हणाले गर्दी आवरत नाही. हळूहळू मिसळीबरोबर साबुदाणा वडाही सुरू करता येईल.

गाडी तिच्या नावावर असण्याला कुणी कौतुकाचं कारण समजू नये. बाळ पाटबंधारे खात्यात कारकून होता, आणि सरकारी नोकराला आपल्या नावावर धंदा करता येत नाही, म्हणून तो बायकोच्या नावावर करायचा, ही त्या काळी पुण्याची रीतच होती. कुणाच्या बायकोच्या नावावर छापखाना होता, कुणाच्या गिरणी. बायका दुपारी धान्य निवडत बसलेल्या असायच्या आणि कागदावर कारखानदार असायच्या. त्यांचा अनंत, जो आता बंगलोरला असतो, तेव्हा बालवाडीत होता. बाळ एका रविवारी दापोडीला एसटीतून निकाली काढलेल्या गाड्यांचा लिलाव ‘नुसता बघायला’ म्हणून गेला, आणि संध्याकाळी दारात चप्पल काढता काढता म्हणाला, “मंदाकिनी, आपण बस घेतली.” गवार घेतली म्हणावं तसं. लहानपणी आजोळी जाताना ड्रायव्हरच्या पाठीमागच्या जाळीला नाक लावून बसायचा तो, जाळीची नक्षी नाकावर उमटेपर्यंत. ते नाक बहुतेक तिथून कधी निघालंच नव्हतं. मंदाकिनीच्या पाटल्या तेव्हा गेल्या त्या गेल्या. गाडीचा लाल रंग जाऊन निळा आला, तरी कुठे खरवडलं की आतून लाल दिसायचं, पोर धडपडल्यासारखं. कपाळावर नाव काय टाकू, असं पेंटरने विचारल्यावर बाळने कागदावर आहे ते टाक म्हणून सांगितलं, आणि त्या भल्या माणसाने कागदावर होतं ते अक्षरन् अक्षर टाकलं: सौ. मंदाकिनी प्रवासी सेवा. पेठेला महिनाभर दुसरा विषय नव्हता. वाण्यापासून शिंप्यापर्यंत ज्याला त्याला बाळला एकच विचारायचं असे, की काय करमरकर, सौभाग्यवतींना गिअर किती आहेत.

पहिलं वर्ष गाडी बाळचीच होती. सुटीच्या दिवशी तो स्वतः चालवायचा, जवळपासच्या सहली, लग्नाची वऱ्हाडं. मग कुणीतरी ऑफिसात निनावी तक्रार केली. साहेब, ज्यांना सगळे आप्पासाहेब म्हणत, चांगले गृहस्थ होते. त्यांनी बाळला बोलावून घेतलं, चहा पाजला आणि सांगितलं की दोन ओळी लिहून द्या, सगळेच देतात: सदर वाहन माझ्या पत्नीच्या मालकीचे असून माझा त्याच्याशी काहीही संबंध नाही. बाळने लिहून दिलं. खाली सही केली. इथपर्यंत तो शहाण्यासारखाच वागला. दुसऱ्या कुणीही तशा दोन ओळी लिहून दिल्या असत्या आणि संध्याकाळी येऊन गाडीत डिझेल भरलं असतं. बाळ घरी आला, हातपाय धुतले, आणि गाडीची किल्ली आमटीच्या भांड्याशेजारी ओट्यावर ठेवली. तो म्हणाला, संबंध नाही असं सहीनिशी लिहून दिलंय, आता ठेवायचा कसा. मंदाकिनीला वाटलं चार दिवसांचा हट्ट आहे, उतरेल. पण खोटं लिहिल्याची त्याला इतकी लाज वाटली होती की ते खरं करून टाकण्यावाचून त्याला दुसरा रस्ता दिसेना. त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत बाळ करमरकर त्या गाडीत चढला नाही. हातही लावला नाही. पुण्यात तत्त्वाची माणसं पुष्कळ आहेत, पण आपणच मारलेल्या थापेशी इतका एकनिष्ठ राहिलेला दुसरा माणूस मंदाकिनीला ठाऊक नव्हता.

तेव्हा गाडीचं करायचं काय? घेतलेली वऱ्हाडं होती, लोकांना शब्द दिलेले होते. लोणी काळभोरचा संपत नावाचा ड्रायव्हर मिळाला, आणि पैशांची पिशवी सांभाळायला, माणसं बघायला कुणीतरी हवं म्हणून मंदाकिनी गेली. एकदाच, असं सांगून गेली. नारायण पेठेतलं बायकांचं भजनी मंडळ हरिहरेश्वरला निघालं होतं. पहाटे गाडीला तो वास होता, डिझेल, ओले केस, अमृतांजन, कुणाच्या तरी डब्यातली लसणाची चटणी. बसायला जागा उरली नाही म्हणून ती केबिनमधे इंजिनाच्या झाकणावर सतरंजीची घडी टाकून बसली, आणि भोर सोडून गाडी वरंधा घाटाला लागली तेव्हा ते झाकण तापत गेलं, खालून एक अखंड थरथर मांड्यांतून कंबरेत, पाठीत चढत गेली. अशी थरथर तिला कुठेच भेटली नव्हती. घरात सगळं कसं स्थिर असायचं, मिसळणाचा डबासुद्धा. एका वळणावर संपतने गाडी हळू केली आणि मान न वळवता विचारलं, “बाई, थांबवू का?” तिने मागे वळून पाहिलं, की हा विचारतोय कुणाला. मागे झोपेतल्या बायका होत्या. मग तिला कळलं. तिने थोडा वेळ घेतला, उगीचच, आणि म्हणाली, थांबवा. गाडी थांबली. एवढं मोठं धूड, एवढ्या बायका, तिच्या एका शब्दावर. खाली दरी होती, धुकं होतं, बायका पदर खोचून उतरल्या आणि एकीने उगीचच मोठ्याने हाक मारून प्रतिध्वनी ऐकला. मंदाकिनी दारात दांडीला धरून उभी राहिली. तिला काही पाहायचं नव्हतं. तिला फक्त तिथे उभं राहायचं होतं.

एकदाच म्हणून गेली ती सतरा वर्षं जात राहिली. माहीमचं, चिपळूणचं, सांगलीचं वऱ्हाड, शाळांच्या सहली, गणपतीपुळ्याला जाणाऱ्या पेन्शनर जोडप्यांचा घोळका, ज्यांत कुणाला खिडकी हवी असे आणि कुणाला वारा नको असे, आणि ती दोघं नेमकी नवराबायको असत. रेडिएटर तापला की बायकांनी पूजेच्या कलशांतून ओढ्याचं पाणी आणावं, संपतने नमस्कार करून ते ओतावं. नवरीमुलगी माहेरची वेस ओलांडताना रडायची आणि पहिल्या चहाच्या थांब्याला हसायची, हे मंदाकिनीने इतक्यांदा पाहिलं की ती मुलीच्या आईला आधीच सांगून ठेवी. घरी परतताना मात्र वाड्याच्या जिन्यात ती थांबायची. तोंडावरून हात फिरवायची. गाडीतलं हसू अजून ओठांना चिकटलेलं असायचं, ते पुसून वर जायचं असे. वर बाळने अनंतला जेवू घातलेलं असे, वरण घट्ट झालेलं असे, आणि तो विचारत असे, झाली का दगदग? ती म्हणायची, हो ना, फार. पुढच्या वेळी जाणार नाही बाई. तो म्हणायचा, नाइलाज आहे, गाडी तुझ्या नावावर. मग दोघं घट्ट वरण पाणी घालून सैल करायची. हे बोलणं इतकं ठरून गेलं होतं, की एखाद्या वेळी त्याने विचारायला उशीर केला तर तीच म्हणायची, दगदग फार झाली हो. रात्री अंथरुणावर पडलं की गाडीची थरथर अंगात चालूच असे, आणि शेजारी बाळ श्वाससुद्धा इतक्या बेताने घेत असे, की तो जागा आहे हे तिला कळायचं.

गाडी येण्याच्या वेळेला तो कोपऱ्यावर असायचाच. काहीतरी आणायला म्हणून खाली उतरलेला. गाडी वळून थांबली की तो हातभर अंतरावर येऊन उभा राहायचा, हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरलेले, मंदिरात सोवळ्याच्या रेषेअलीकडे उभं राहावं तसा. संपत इंजिन बंद करेपर्यंत ऐकत राहायचा. मग मंदाकिनीला म्हणायचा, त्याला सांग, डावीकडचा मागचा स्प्रिंगचा पाटा बघून घे. संपत तिथेच, चार पावलांवर उभा असायचा. तरी ती वळून त्याला सांगायची, आणि संपतही तिलाच उत्तर द्यायचा, साहेबांना म्हणावं बघतो. निम्म्या वेळा पाटा ठणठणीत असायचा. पण संपत खाली वाकून बघितल्यासारखं जरूर करायचा. शेजारपाजाऱ्यांना, अनंतला, गिऱ्हाइकांना, सगळ्यांना हे दिसत होतं आणि कुणी कधी काही म्हटलं नाही. माणसाच्या तोतरेपणाबद्दल बोलत नाहीत, तसं.

एक सकाळ मात्र मंदाकिनीच्या मनातून जात नाही. जात नाही म्हणजे ती आठवत बसते असं नव्हे. भाजी चिरताना, रांगेत उभं असताना ती आपली येऊन उभी राहते. सांगलीचं वऱ्हाड होतं, रविवार होता. निघता निघता कुणाच्या तरी काकूंना ताप आला म्हणून ड्रायव्हरच्या मागचीच, जाळीजवळची जागा मोकळी राहिली. अनंत आजोळी होता. बाळ नेहमीप्रमाणे हातभर अंतरावर उभा. संपतने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, “साहेब, या की आज. जागा हाय.” बाळने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, रविवारच्या सकाळी, आणि म्हणाला की मला काम आहे. त्याने ते म्हणायला किंचित वेळ लावला होता. त्या किंचित वेळात आणखी कुणी एक शब्द बोललं असतं, तर काय झालं असतं? तो शब्द बोलायला फक्त मंदाकिनी होती. तिने घंटीची दोरी ओढली. दोनदा, चटचट. गाडी निघाली, कोपरा मागे गेला, वऱ्हाडातल्या कुणीतरी गाणं सुरू केलं, आणि ती इंजिनाच्या झाकणावर बसून आपल्या हाताकडे बघत राहिली. उशीर होत होता, मुहूर्त गाठायचा होता, हे सगळं खरं होतं. पण दोरी तिने त्यासाठी ओढली नव्हती. तो चढला असता, तर थांबवू का म्हणून संपतने कुणाला विचारलं असतं?

पुढे व्हिडिओवाल्या लक्झरी आल्या. लोकांच्या पाठींना मऊ बाक लागले. संपत काविळीने गेला, आणि त्याच्यामागून आलेले ड्रायव्हर विचारत नसत, थांबवत. सहली कमी कमी होत गाडी वारज्याला गेनबाच्या रानात जाऊन उभी राहिली; गेनबाच्या थोरल्या मुलीचं वऱ्हाड मंदाकिनीने नेलं होतं, त्या ओळखीवर. त्याने जागेचं भाडं कधी मागितलं नाही. त्याची बायको मथुराबाई टपावर कुरडया वाळत घालायची, बाकांखाली तिच्या कोंबड्या अंडी घालायच्या, आणि दसऱ्याला गेनबा बैलांबरोबर गाडीलाही झेंडूची माळ घालायचा. बाळ निवृत्त झाला तो दिवस मंदाकिनीला आठवतो. ऑफिसातून शाल-नारळ घेऊन आला, नारळ देवापाशी ठेवला, ऑफिसची पँट काढून जुना पायजमा चढवला आणि वारज्याला गेला. बॉनेट उघडून तिथेच उभा राहिला म्हणे. मथुराबाईने सांगितलं, किती येळ नुस्तं बगत हुते. मग हात लावला. त्यानंतर आठवड्यातून दोनदा तीनदा तो जायचा, गाडीखाली शिरायचा, टपावर चढायचा, केबिनमधे वायरी सोडवत बसायचा. मंदाकिनी डबा घेऊन जायची. गाडी तेव्हा कुठेच जाणार नव्हती, आणि त्याची त्याला घाई नव्हती. एवढंच तिच्या लक्षात आलं होतं, की तो मागे, बाकांवर, कधी बसला नाही. डबा खायलासुद्धा पायरीवर बसायचा, पाय बाहेर सोडून. आत या की सावलीत, असं तिच्या ओठांवर कितीदा आलं. आलं की तिला जाळीजवळची ती जागा दिसायची, आणि ती म्हणायची, ताक संपवा, आंबेल.

आता गेनबाच्या मुलांनी जमीन बिल्डरला दिली होती. कंपाउंडाची भिंत रानाच्या एका बाजूने उठतही होती. गेनबा सांगायला घरी आला तेव्हा त्याला बोलवेना. एवढंच म्हणाला, “पोरांनी इकली, वैनी. म्या काय करू.” जशी काही गाडीच त्याने घराबाहेर काढली होती. सर्जेरावांना त्यानेच आणलं होतं.

मंदाकिनी उठली, लुगड्यावरचा पेंढा झटकला आणि मागच्या दाराने उतरून हौदावर गेली. सर्जेराव तिथे पायांवर पाणी घेत होते. त्यांचा माणूस दूर लिंबाखाली विडी ओढत होता. तिने आवाज खाली ठेवला. ती म्हणाली, तुमचा माणूस काय बोलला ते मी ऐकलं. मला तक्रार करायची नाही, गाडी तुमची, तुम्ही तिचं काहीही करा. सर्जेरावांचा चेहरा असा झाला, की पाण्याचा तांब्या त्यांच्या हातातून सुटेल असं तिला वाटलं. “फक्त यांना कळू देऊ नका. यांनी महिनाभर तिच्यावर जीव टाकलाय. यांच्यासाठी ते कॅन्टीनच राहू दे.” सर्जेरावांनी वायपरपाशी उभ्या असलेल्या बाळकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं, टोपी काढली, डोकं खाजवलं. “वैनी, तुमी दोगं बी...” असं म्हणून ते मधेच थांबले, आणि उरलेलं वाक्य गिळून म्हणाले, बरं. तुम्ही म्हणाल तसं. मंदाकिनीला वाटलं, लाजला बिचारा.

मथुराबाईने चहा गाडीतच आणला. शेवटचा दिवस, म्हणाली, आतच बसून पिऊ. ती आणि गेनबा एका बाकावर बसले, पाहुण्यासारखे गुडघे जुळवून. समोर सर्जेराव. मंदाकिनी पलीकडच्या दोघांच्या बाकावर खिडकीशी. बाळ पायरीवर, दांडीला टेकून, हात फडक्याला पुसत. कुणीतरी बोलायला हवं होतं, म्हणून गेनबाने कॅन्टीनचं काढलं. पोरांना मिसळ तिखट द्या, म्हणाला, कॉलेजच्या पोरांना तिखट लागतं. सर्जेराव हो हो म्हणाले. मंदाकिनी घाईने म्हणाली, दाराशी कुंड्या ठेवा, शोभा येते. ठेवू की, सर्जेराव म्हणाले, मोगरा. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मथुराबाईने विचारलं, पिठलं-भाकरी ठेवणार असाल तर भाकऱ्या करायला बाई आहे माझ्या बघण्यात. बाळने पायरीवरूनच सुचवलं, की केबिनमधे शेगडी ठेवावी, धूर ड्रायव्हरच्या खिडकीतून बाहेर जाईल, आणि पावसाळ्यात पोरांच्या छत्र्यांसाठी मागे आकडे मारावेत. हे सांगताना तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून मंदाकिनीकडे बघत होता. मंदाकिनीने मान डोलावली. छत्र्यांचं बरोबर आहे, ती म्हणाली, नाहीतर सगळं ओलं करतात. बघता बघता त्या कागद झालेल्या पत्र्याच्या पोटात टेबलं मांडून झाली, पाण्याचं पिंप आलं, परीक्षेच्या दिवसांत चहा अर्ध्या दराने ठरला. एवढं नांदतं कॅन्टीन पुण्यात दुसरं नसेल. फक्त कुणी कुणाकडे सरळ बघत नव्हतं. गेनबा कपाच्या तळाशी काही पडलंय का ते पाहत होता, आणि लिंबाखालचा माणूस विडी संपवून गाडीला डोळ्यांनीच मापत होता.

मग सर्जेरावांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि म्हणाले, मालकीणबाईंची सही. गाडीच्या पुस्तकावर ठेवून तो मंदाकिनीपुढे धरला. तिने पेनचं टोपण काढलं. आयुष्यात तिने या गाडीच्या किती कागदांवर सह्या केल्या असतील, बाळ बोट ठेवायचा तिथे, न वाचता. आज बोट ठेवायला कुणी नव्हतं. आणि वाचायची तिला भीती वाटत होती. तिला वाटलं, सही वेडीवाकडी येईल आणि यांना कळेल. तिने हसून म्हणायचं ठरवलं की उजेड कमी आहे. पत्र्यावर ऊन तापलं होतं, वरून बारीक तडतड ऐकू येत होती, आणि तिला ती जुनी थरथर मांड्यांत सुरू झाल्यासारखी वाटली, इंजिन बंद असून.

पायरी करकरली. बाळ आत आला होता. हातातलं फडकं त्याने घडी करून खिशात घातलं, मधल्या वाटेने दोन्हीकडच्या बाकांना धरत धरत, गाडी चालू असल्यासारखा, तो आला आणि तिच्या शेजारी बसला. बाकाची स्प्रिंग दबली. मथुराबाईचा कप बशीवर वाजला. बाळ कुणाकडे पाहत नव्हता. प्रवासी बघतात तसा समोर, काचेतून बाहेर, भिंत उठत होती तिकडे बघत होता. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला होता.

“मंदा, कॅन्टीन मी रचलं,” तो म्हणाला. चारचौघांत त्याने तिला असं कधी म्हटलं नव्हतं. “सर्जेरावांना मीच गळ घातली, घरी येऊन तसं सांगा म्हणून. तुला बरं वाटेल वाटलं.”

सर्जेराव बाहेर बघू लागले. मंदाकिनीला म्हणायचं होतं की मला माहीत आहे, म्हणजे आजपासून माहीत आहे, पण पेन धरलेला हात तिने नुसता मांडीवर ठेवला. तिला वाटलं, एवढंच बोलून बाळ उठेल, पायरीवर जाऊन बसेल आणि वायपरचं काहीतरी काढील. तो उठला नाही.

“तोडणार आहेत गं तिला,” तो म्हणाला, आणि मग, अजून समोरच बघत, “आणि मला यायचं होतं. दर वेळी मला यायचं होतं.”